जाताना सव्वासात, येताना साडेसहा

३ मार्च

प्रिय ताई,

फोन केला की आई तुझ्या शेजारी असते, आणि न दिसणाऱ्या माणसाशी तू बोलतेस म्हणून ती कावरीबावरी होते. तेव्हा लिहितेच. दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरवर वाच.

बातमी चांगली आहे. आपल्या गावाहून इथे थेट विमान सुरू झालं. मला ते पेपरात वाचून नाही, चादरींवरून कळलं. आमच्या हॉटेलच्या निम्म्या खोल्या विमानांतल्या कर्मचाऱ्यांसाठी धरलेल्या असतात. सोमवारी तळघरात धुवायला आलेल्या एका ढिगावर नव्याच कंपनीचं नाव होतं. उशांच्या अभ्र्यांचा हिशेब लागेना म्हणून मी स्वतः चौथ्या मजल्यावर गेले, तर लिफ्टसमोर एक वैमानिक उभा. टाय सैल, बूट हातात, आणि फोनवर बायकोला आपल्या भाषेत विचारतोय, गॅस बंद केलास ना. मी तिथेच हसत सुटले. त्याला वाटलं असेल, धुलाईखात्यातल्या बाईचं काहीतरी बिनसलंय.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. अंतर पाच हजार चारशे किलोमीटर. इकडून तिकडे साडेसहा तास, तिकडून इकडे सव्वासात, कारण इकडे येताना वारा समोरून असतो. आठवड्यातून तीन दिवस. आजवर दोन ठिकाणी विमान बदलून, पाय सुजवून घेत दीड दिवसानं मी पोचायचे, म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा यायचे. आता शनिवारी निघून मंगळवारी परत. दर दोन महिन्यांनी येईन म्हणते. आईला सांग.

लंबू बरा आहे. कामात बुडालेला असतो. नवऱ्याला लंबू म्हणते म्हणून आई किती रागवायची, आता तिच्या ते लक्षात तरी आहे का?

तुझी,
बेबी
(वय अठ्ठेचाळीस. नाव बदलायचं राहूनच गेलं.)


१४ मार्च

प्रिय बेबी,

तुझं पत्र त्याच दिवशी वाचलं, पण उत्तर लिहायला बसले की कुणीतरी काच बदलायला यायचं. आत्ता मालक बँकेत गेलाय.

विमानाचं ऐकून बरं वाटलं. आई तुझी फार आठवण काढते. परवाच विचारत होती, बेबी कधी येणार म्हणून.

तरी एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. ये, पण चार दिवसांसाठी येऊ नकोस. कंबरेचं हाड मोडल्यापासून आईला उठवून खुर्चीत बसवायला अर्धा तास लागतो. त्यात ती मधेच थांबते, माझ्याकडे बघते आणि म्हणते की मला माझ्या घरी सोड. मग तिला तिच्याच घरातून फिरवून आणायचं, तेव्हा ती घरी पोचते. दुपारची बाई आली की मी दुकानात. भिंग घासायच्या मशीनपुढे बसले की बरं वाटतं, कारण भिंग प्रश्न विचारत नाही. परत आले की बाई चप्पल घालूनच उभी असते.

मागच्या वेळी तू आलीस, तेव्हा तुझ्यासाठी अंथरूण काढलं, आवडीचं केलं, ओळखीची माणसं भेटायला आली, त्यांचे चहा झाले. तू आईच्या केसांना तेल लावलंस आणि आई हसली. मग तू गेलीस. त्यानंतर पंधरा दिवस ती घरभर काहीतरी हुडकत होती आणि काय हुडकतेय ते तिला सांगता येत नव्हतं. झोप नाही, खाणं नाही. ते पंधरा दिवस मी काढले.

दर दोन महिन्यांनी हे मला झेपायचं नाही. रागावून लिहीत नाहीये, थकून लिहितेय. दोन्हींत फरक आहे, तेवढा समजून घे.

तुझी,
ताई


१७ मार्च

ताई,

तू थकून लिहिलंस हे समजलं. पण मी पाहुणी आहे हेही समजलं.

इथे माझ्या हाताखाली अकरा बायका आहेत. कुणाची आई आजारी पडली की ती रजा टाकून जाते आणि घरी तिची वाट बघतात. माझ्या येण्यानं मात्र तुझं काम वाढतं. मी काय करायचं ते एकदा सरळ सांगून टाक. यायचं नाही? आणखी एक बाई ठेवायची? माझा फोटो आईच्या उशाशी ठेवला तर तोही त्रास होईल का?

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

बेबी


२ एप्रिल

प्रिय बेबी,

काल मी विमानतळावर गेले होते.

ठरवून नाही. अर्धी सुट्टी टाकून आईचे रिपोर्ट आणायला निघाले होते. लॅब बंद. समोर जी बस आली तिच्यावर विमानतळ लिहिलं होतं, चढले. आईजवळ बाई होती, तीन तास हातात होते, आणि तीन तासांत कुठे जातात हेच मला सुचेना.

सोडायला येणाऱ्यांचं तिकीट काढून आत गेले आणि एका रिकाम्या ढकलगाडीला टेकून उभी राहिले. समोर मोठा फलक. त्यावर तुझ्या शहराचं नाव होतं आणि पुढे वेळ होती. मी किती वेळ बघत होते कोण जाणे, एक गार्ड आला आणि म्हणाला, मावशी, कुठे जायचंय? माझ्या तोंडून तुझ्या शहराचं नाव निघालं. तो म्हणाला, त्याचं काउंटर आत्ताच बंद झालं, उशीर केलात. बेबी, मला इतकं वाईट वाटलं, जसं काही खरंच माझं विमान चुकलं. तोंड धुऊन बाहेर आले आणि बसमध्ये बसले.

येताना डोक्यात एकच होतं. इतकी वर्षं तू तिकडून इकडे किती तासांत येतेस हेच आपण मोजत आलो. तू, मी, नातेवाईक, समोरच्या वहिनी, सगळेच. इकडून तिकडे जायला किती लागतात हे कधी कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तुझ्या वैमानिकानं आपणहून सांगितलं म्हणून कळलं, सव्वासात.

तू विचारलंस, काय करू ते सरळ सांग. सांगते. तू इथे ये, आणि मला तुझ्या घरी जाऊ दे. एक महिना. मला काही बघायचं नाही. मला तुझ्या घरात दार लावून झोपायचं आहे.

मालकाला विचारलं. तो म्हणाला, अकरा वर्षांत तुम्ही रजा मागितल्याचं आठवत नाही, त्यामुळे नाही कसं म्हणतात तेही आठवत नाही.

ताई


२६ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला फार दिवस लावले. तू काय काय समजून बसली असशील याची कल्पना आहे. तसं काही नाही. रजेचं बघत होते, मे महिन्यात हॉटेल भरलेलं असतं.

तू ये. घर लहान आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण झोपायला त्याचा काही अडथळा नाही. लंबू त्या महिन्यात कामासाठी बाहेरगावी आहे, तेव्हा तुला अवघडल्यासारखं व्हायचं नाही. किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे ठेवते.

तिकिटांचं बघितलं. ज्या विमानानं मी येईन तेच दोन तासांनी परत फिरतं, त्यातच तू बस. म्हणजे विमानतळावर आपल्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतील. तेवढा वेळ समोरच्या वहिनींना आईजवळ बसायला सांग. औषधांचं मला तोंडी सांग.

मला भीती वाटते, ताई. तिला उचलताना हातून पडली तर?

बेबी


१३ मे

प्रिय बेबी,

आधी माफी. तू बाहेर आलीस, पिशवी खाली ठेवलीस आणि मी गोळ्या सांगायला लागले. सकाळची पांढरी, जेवणानंतरची अर्धी, झोपेची मागितली तरी द्यायची नाही. तू मान डोलावत होतीस आणि माझं लक्ष रांगेकडे. सरकत्या पट्ट्यावर पर्स ठेवली तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षांनी भेटलो आणि मी तुला जवळही घेतलं नाही. मागे वळून बघितलं तर तू गेलेली होतीस. आईकडे पोचायची घाई असणार. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

विमानात खिडकीपाशी जागा होती. थोडा वेळ ढग बघितले. मग डोळा लागला तो उतरायची घोषणा झाली तेव्हाच उघडला. शेजारची बाई म्हणाली, तुमचं जेवण आलं होतं, मी उठवू दिलं नाही. तिला काय सांगू, की मला न उठवणारं माणूस मी किती वर्षांनी बघितलं.

तुझी चादर हॉटेलातल्यासारखी ताणून घातली होती. पहिले दोन दिवस मी फक्त पाणी प्यायला आणि बाथरूमला उठले. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर होतं आणि कुणी हाक मारत नव्हतं. थोडा वेळ घाबरले, आई उठलीच नाही की काय.

मग जरा घर आवरावं म्हटलं. मी उचकापाचक करणारी नाही, तुला माहीत आहे. पण कपाटाचं एक दार उघडलं तर आत नुसते हँगर. बाथरूममध्ये एक ब्रश, दाराशी एका माणसाचे बूट. महिनाभर बाहेरगावी गेलेला माणूस हिवाळ्याचा कोट मे महिन्यात नेत नाही. जास्तीची किल्ली परत द्यायला गेले तर खालच्या बाई म्हणाल्या, तुम्ही आलात ते फार बरं झालं, एकटीच असते बिचारी.

मी विचारणार नव्हते. पण तुझ्याच पलंगावर झोपून, तुझ्याच कपात चहा पिऊन न विचारणं मला जमेना. कधीपासून?

ताई


१९ मे

ताई,

दोन वर्षं होतील. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. एके दिवशी तो म्हणाला की या घरात त्याला श्वास कोंडल्यासारखं होतं, आणि मी म्हटलं, मग खिडकी असलेलं घर बघ. त्यानं बघितलं. मी चेष्टेत म्हटलं होतं.

तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आईला खुर्चीत बसवता बसवता माझीही काळजी केली असतीस. म्हणून दर पत्रात तो बरा आहे, कामात आहे. तो बराच आहे. मी खोटं लिहिलेलं नाही.

आता माझी पाळी. आई तुझी फार आठवण काढते, बेबी कधी येणार विचारते. हे तू मला किती वर्षं लिहीत आलीस? ताई, तिला मी माहीतच नाही. पहिल्या दिवशी मी वाकून तिचा हात धरला तर तिनं विनम्रपणे सोडवून घेतला आणि विचारलं, तुम्ही कुठून येता? लांबून येत असाल तर जेवून जा. अंघोळीला नेलं तर ओरडली. चार दिवस मला हात लावू दिला नाही, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पीठ चाळायचं निमित्त करून रडत होते.

पाचव्या दिवशी चादर ओली झाली. त्यातलं मला कळतं. माणूस अंथरुणात असताना चादर कशी काढायची आणि कशी घालायची हे मी हाताखालच्या बायकांना शिकवते. तिला कुशीवर वळवलं, गुंडाळी पाठीशी सरकवली, पलीकडे वळवलं, झालं. ती थक्क होऊन बघत राहिली आणि म्हणाली, तुमच्या हाताला सफाई आहे. आईनं मला आयुष्यात पहिल्यांदा कामावरून चांगलं म्हटलं, तेही मी कोण हे माहीत नसताना.

तेव्हापासून अंघोळ करू देते. पण दिवसातून दहादा दाराशी जाऊन बसायचं असतं. कुणाची वाट बघता म्हटलं की तुझं नाव घेते.

बेबी


२५ मे

प्रिय बेबी,

ती तुला ओळखत नाही हे मला माहीत होतं. मागच्या वेळी तू तेल लावत होतीस तेव्हाही तिनं तुला ओळखलं नव्हतं. तुला वाटलं ओळखलं, आणि तुझा चेहरा असा उजळला होता की मी गप्प बसले. नंतर लिहिताना ते वाक्य आपोआप हाताखालून जायचं. आपल्यापैकी एकीला तरी आई असावी असं वाटायचं.

दाराशी बसते हे वाचून पत्र बंद केलं आणि बाहेर पडले. माझ्यासमोर ती कधी माझं नाव घेत नव्हती. मी होतेच ना तिथे, नाव कशाला घ्यायचं.

परवा बेल वाजली. दार उघडलं तर लंबू. सवयीनं मान वाकवून आत आला आणि मला बघून तसाच वाकलेला राहिला. हातात पाना होता. तुझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो दर दोन-तीन महिन्यांनी येऊन आवळून जातो म्हणे. हे मात्र तू लिहिलं नाहीस. मी चहा केला. तो घरभर नजर फिरवत बसला होता. जाताना दारात म्हणाला, "ती माझ्यासमोर एकदाही रडली नाही, ताई. मला वाटलं, मी गेल्यानं तिला काही फरक पडत नाही."

आपल्या घरात रडणं दुसऱ्या खोलीत जाऊन करायची पद्धत आहे, हे जावयाला कुणी सांगायला हवं होतं.

आता एक मागते, आणि मागायची लाज वाटते. मला अजून एक महिना दे. मी सकाळी उठून हॉटेलमागच्या तळ्यापर्यंत चालत जाते आणि परत येते, इतकंच. पण थकवा अजून हाडांतून निघालेला नाही. वाटलं होतं झोपले की संपेल. आता लक्षात येतंय की वरचा एक थर फक्त गेला.

जमत नसेल तर सरळ नाही म्हण.

ताई


९ जून

ताई,

राहा म्हणून मी फोनवर दोन शब्दांत सांगितलं, कारण तेव्हा जास्त बोलायची सोय नव्हती. आता सगळं लिहिते. आधी हे वाच: आई घरी आहे, ताप उतरलाय, आत्ता झोपली आहे.

गेल्या बुधवारी सकाळी तिला ताप चढला. दुपारपर्यंत हाकेला ओ देईना. समोरच्या वहिनी आणि मी तिला हॉस्पिटलात नेलं. छातीत कफ भरला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जवळच्या माणसांना कळवून ठेवा. मी फोन हातात घेतला. दुसऱ्या दिवशी विमान होतं, तू त्यात बसली असतीस तर दुपारी इथे पोचली असतीस. सगळा हिशेब डोक्यात तयार होता.

मी फोन लावला नाही.

का ते तेव्हापासून स्वतःला विचारतेय. तू झोपत होतीस हे एक कारण. दुसरं असं की तू आली असतीस तर मी पुन्हा पाहुणी झाले असते. कॉटशेजारच्या लोखंडी स्टुलावर तू बसली असतीस आणि मी चहा आणायला गेले असते. मला त्या स्टुलावर बसायचं होतं. यात काही झालं असतं तर तू मला जन्मभर माफ केलं नसतंस, हे कळत होतं, तरी मी बसून राहिले.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आता शक्ती फार कमी राहिली आहे. पुढच्या वेळी निभेलच असं नाही. त्यामुळे तू ठरव. यायचं असेल तर ये, राहायचं असेल तर राहा. मी रजा वाढवून घेतली आहे, मला इथून हलायची घाई नाही.

रागव. पण फोनवर नको, लिहून रागव.

बेबी


११ जून

बेबी,

रागावले आहे. तुझं पत्र वाचून झाल्यावर तुझ्या घरातली एक बशी फुटली, ती मी फोडली.

मग त्या बुधवारी मी काय करत होते ते आठवलं. तळ्यापाशी रोज भेटणाऱ्या एका बाईंचा कुत्रा मी धरला होता, तो मला ओढत पाण्यात घेऊन गेला आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिकडे आई तशी, आणि मी हसत होते. तू कळवलं असतंस तर हसले नसते. तू कळवलं नाहीस याचा राग येतो आणि त्या हसण्याचं काय करायचं ते कळत नाही.

एवढ्या वर्षांत आईच्या प्रत्येक तापात मीही तुला सगळं होऊन गेल्यावरच कळवलं. त्याचं कारण तू सांगितलंस तेच होतं की वेगळं, ते मला आत्ता शोधायचं नाही.

शनिवारच्या विमानानं येते. पण तू परत निघू नकोस. स्टूल तुझं. मी दुसरं आणते.

ताई


३० ऑगस्ट

प्रिय ताई,

पोचले. येताना वारा समोरून होता, आठ तास लागले. दोन ओळी रिकाम्या होत्या, कुणीतरी आडवं झोपलं होतं. मला झोप आली नाही.

कामावर रुजू झाले. बायकांनी माझ्या टेबलावर फुलं ठेवली होती, आणि कुणीच काही बोललं नाही. तळघरात यंत्रांच्या आवाजात ते बरं असतं.

आईच्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार माझ्यासमोरून हलत नाही. तू तिला चमच्यानं सूप पाजत होतीस, मी पाठीमागून धरलं होतं. ती तुझ्याकडे बघायची, मान वळवून माझ्याकडे बघायची. मग म्हणाली, "तुम्ही दोघी बहिणी का? चेहरा सारखा आहे." तू हो म्हणालीस. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "बरं आहे. एकीला दुसरी आहे." तेव्हा आपण एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींपैकी एकीला दुसऱ्या खोलीत जावं लागलं असतं.

तिनं आपल्याला ओळखलं की नाही यावर मी विमानभर विचार केला. मला वाटतं, ओळखलं नाही. आणि मला वाटतं, त्यानं काही अडलं नाही.

लंबू भेटायला आला होता. मी त्याच्यासमोर रडले. ठरवून नाही, आईचं सांगता सांगता रडू आलं आणि मी उठून आत गेले नाही. तो फार वेळ बसला. परत येईन वगैरे काही म्हणाला नाही, मीही म्हटलं नाही. पण आता दोघांनाही एकमेकांबद्दल थोडं खरं माहीत आहे.

आणखी एक. ते विमान बंद होतंय. प्रवासी मिळत नाहीत म्हणे. चौथ्या मजल्यावरच्या खोल्या सप्टेंबरअखेर सोडणार, असं आम्हाला कळवलं आहे. तो वैमानिक भेटला होता. म्हणाला, मार्ग चांगला होता, चुकीच्या वेळी सुरू झाला. मी त्याला म्हटलं, आमच्यासाठी बरोबर वेळी झाला.

तू कशी आहेस? खरं लिही.

बेबी


७ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

खरं लिहिते.

सकाळी जाग त्याच वेळी येते. पाय जमिनीवर टेकतात, दाराकडे वळतात, आणि मग लक्षात येतं. पुन्हा पडून राहावं तर झोप लागत नाही. मी उठून चहा करते आणि तो गरम असतानाच पिऊन होतो. इतकी वर्षं मला गार चहाच आवडतो असं मी समजत होते.

भेटणारे म्हणतात, आता मोकळी झालीस. चांगल्या मनानं म्हणतात. समोरच्या वहिनी तेवढ्या म्हणत नाहीत, त्या येऊन भाजी निवडत बसतात. दुपारची बाई दुसऱ्या घरी लागली. मालकानं पूर्ण दिवस काम विचारलं, मी नको म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलं, मलाही वाटलं. दुपारनंतरच्या वेळेचं काय करायचं हे मला माहीत नाही, पण तो वेळ भिंगांना द्यायचा नाही एवढं नक्की.

थकवा आहे. तू विचारशीलच म्हणून सांगते. पण आधी तो ओझ्यासारखा होता, आता आजारातून उठल्यावर असतो तसा आहे. बसलं की बसवतो, चाललं की थोडा मागे राहतो.

तिकीट काढलं. तुला न विचारता काढलं, आणि चार दिवसांचं नाही. थेट विमान नाही म्हणून तिकीट देणारी बाई जरा चाचरत होती, म्हणाली, दोन ठिकाणी बदलावं लागेल, एकेका ठिकाणी फार वेळ मोडतो, या वयात दीड दिवस जड जाईल. मी तिला विचारलं, खिडकीची जागा तिन्ही विमानांत मिळेल का. मिळाली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी पोचते. तुझी पाळी असेल तर काम टाकून धावत येऊ नकोस. मी बाहेर बाकावर बसून राहीन. नुसतं बसून राहायची मला सवय नाही, तेवढी वाटेत लावून घेते.

तुझी,
ताई